लाल रेघ, पिवळी रेघ

मी एक जुनी टाइल आहे. तळहाताएवढी, पांढरी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. टाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराची चकचकीत भिंत आली असेल, तर मित्रांनो, ती भिंत तशीच राहू द्या. मीही कितीतरी वर्षे तिचीच स्वप्ने पाहिली आहेत. माझ्या अंगावर झिलई नाही. माझ्यावरून बोट फिरवलेत तर बारीक पॉलिशपेपरची खरखर लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरी माती आणि गारगोटीचे पीठ एकत्र मळून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून मला घडवले. म्हणजे मुळात मीही दगडच, फक्त दळलेली आणि भाजलेली. भट्टीनंतर झिलईचा फवारा बसायचा होता. नेमकी माझ्या वेळी नळी तुंबली आणि माझ्या पुढच्यामागच्या सगळ्या जणी नटूनथटून पुढे गेल्या. पट्ट्यापाशी माल निवडणारी बाई मला उचलून शेजारणीला म्हणाली, "हिचं तोंड कोरडंच राहिलं बघ." आणि मी टाकाऊ ढिगाऱ्यावर जाऊन पडले.

त्या ढिगाऱ्यावर दिवसभर ऊन यायचे. मी डोळे मिटून एका भिंतीवर असल्याचे मनात आणी. अंगावरून पाणी ओघळते आहे, कुणीतरी गाणे गुणगुणते आहे, वाफेने सगळे धूसर झाले आहे. असे दिवस जात असताना ध्यानीमनी नसताना एक माणूस तिथे आला. उंच, किंचित वाकलेला, आणि त्याच्या कोटाचे खिसे दगडांनी ओघळलेले. तो एका शाळेत शिक्षक होता.

"अहो सर, हा टाकाऊ माल आहे," कारखान्याचा सुपरवायझर म्हणाला. "चांगल्या देतो की. ओळखीत."

"चकचकीत टाइलवर दगड नुसता घसरतो," सर म्हणाले. "मला अशी खरखरीतच हवी."

ज्या उणिवेपायी मला टाकले होते, तीच कुणाला तरी हवी होती. सरांनी खिशातून एक काळपट, जड दगड काढला आणि माझ्या अंगावर जोर देऊन ओढला. दगड काळा, पण रेघ उमटली लाल. भाजलेल्या विटेसारखी लाल. ती माझी पहिली रेघ. सर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी सुपरवायझरला विचारले, "तुम्हाला कोणता रंग दिसतोय?"

"लाल की."

"छान," सर म्हणाले आणि त्यांनी मला खिशात टाकले. मला वाटले, ते सुपरवायझरची परीक्षा घेत होते.

शाळेच्या टोकाला एक खोली होती. तिच्या खिडकीतून दुपारी तिरपे ऊन येई आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात दगडांची धूळ सावकाश तरंगत राही. एका लाकडी ट्रेमध्ये कापसावर दगड आणि खनिजे मांडलेली होती आणि त्यांच्या शेजारच्या कप्प्यात माझी जागा होती. सुट्टीच्या दिवशी खोली बंद असली की आम्ही सगळे पेंगत असू. चुनखडीच्या अंगात शिंपल्यांचे ठसे होते आणि ती झोपेत समुद्राबद्दल बोले. पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड ज्वालामुखीच्या गोष्टी सांगे. त्याच्या बोलण्यात वाफच जास्त, असे बाकीचे म्हणत. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मी ऐकत असे आणि प्रत्येकाचा चुरा थोडा थोडा माझ्या अंगावर सांभाळत असे.

सरांना मुले मागून 'दगडसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते. त्यांचा पहिला धडा दरवर्षी एकच असे. ट्रेमधला गारेचा एकेक खडा उचलून ते म्हणत, "हा पांढरा, हा गुलाबी, हा जांभळा, हा धुरकट. आणि चौघंही एकच, गारगोटी. म्हणून रंगावर कधी जाऊ नका. रंग हा खोटारडा साक्षीदार. आधी दगड हातात घ्या, त्याला बोलू द्या."

मग दगड बोलू लागत. शंखजिऱ्यावर नख फिरवले की ओरखडा उठे आणि बोटांना साबणासारखे गुळगुळीत लागे. कॅल्साइटवर नख चालत नसे, पण तांब्याचे नाणे चाले, आणि आम्लाचा थेंब पडला की ते फसफसे. गारगोटीवर चाकूही चालत नसे. उलट तीच काचेला ओरखडा पाडी. अभ्रकाचे पापुद्रे निघत. सैंधव चाटून ओळखायचे असे आणि एकदा ओळखून कुणाचे समाधान होत नसे, त्यामुळे ट्रेमधला तो खडा दरवर्षी झिजून बोराएवढा होई आणि सर नवा आणत. एकदा एका मुलाने शंखजिरे काचेवर घासले आणि पांढरी रेघ पाहून तो म्हणाला, "सर, यानं काच कापली." सरांनी ओल्या बोटाने रेघ पुसली. काच होती तशीच होती. "कापलं की झिजलं, ते पुसल्याशिवाय कळत नाही," सर म्हणाले. वर्ग हसला आणि तो मुलगाही हसला.

सगळ्यात शेवटी माझी पाळी येई. दगड माझ्यावर ओढायचा आणि त्याच्या चुऱ्याचा रंग पाहायचा. याला कस पाहणे म्हणतात. वरचा रंग फसवतो, चुऱ्याचा सहसा फसवत नाही. सोन्यासारखे झगमगणारे एक खनिज होते, ते माझ्यावर ओढले की हिरवट काळी रेघ यायची. सर म्हणत, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." गारगोटी मात्र माझ्याहून कठीण. तिने मला रंग कधी दिला नाही, ओरखडेच दिले. ते अजून माझ्या अंगावर आहेत.

रेघ उमटली की सर मला वर्गाकडे वळवत आणि विचारत, "सांग बघू, कोणता रंग?" एकाला विचारत, दुसऱ्याला विचारत, तिसऱ्यालाही विचारत. मग म्हणत, "शाबास." मुलांना वाटे, सर परीक्षा घेत आहेत. मलाही तसेच वाटे.

खरे काय ते मला त्यांच्या घरी कळले. मला ब्रशने घासून धुवायला सर अधूनमधून घरी नेत. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पिशवीत होते आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती.

"आज एका पायात तपकिरी आणि एका पायात हिरवा मोजा घालून गेला होतात," त्यांची बायको म्हणाली.

"कुणी काही म्हणालं नाही."

"म्हणतील कसे? तुम्ही सर आहात." ती भांडे पुसत थांबली. "पोरीला तरी सांगून टाका. मोठी झाली आता. बापाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, यात लाजण्यासारखं काय आहे?"

"ती माझ्याच वर्गात बसते," सर म्हणाले. "एकाला कळलं की सगळ्यांना कळणार. मग दगड ओळखायला शिकवणाऱ्याला रंगच ओळखता येत नाहीत म्हटल्यावर माझ्या शब्दाला कोण विचारतो? झाकली मूठ सव्वा लाखाची."

पिशवीत पडल्या पडल्या मला उमगले. 'सांग बघू' म्हणताना सर खरोखरच विचारत होते. कारखान्यातल्या त्या सुपरवायझरलाही त्यांनी खरेच विचारले होते. ओळखीच्या दगडांचे रंग त्यांना पाठ होते. पण नवा दगड आला की त्याची रेघ पाहायला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागत. मला सरांची फार कीव आली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ज्या एका गोष्टीमुळे त्यांची झाकली मूठ उघडू शकत होती ती गोष्ट मीच होते.

त्या वर्षी सरांनी दोन जुळे भाऊ शिकवले. हेमाटाइट आणि लिमोनाइट, दोन्ही लोखंडाची खनिजे. त्यांचे काही खडे इतके सारखे असतात, दोन्ही काळपट, दोन्ही जड, दोघांनाही चुंबक विचारत नाही, की नुसते पाहून सांगता येत नाही. "यांचा निवाडा फक्त ही करते," सर मला उचलून म्हणाले. "एकाची रेघ लाल, दुसऱ्याची मातकट पिवळी."

पुढच्या आठवड्यात मुलांनी आपापला दगड आणायचा होता. सरांची ती दरवर्षीची रीत होती. ज्या दगडाचे नाव सर्वांसमोर नीट ठरेल, त्याला ट्रेमध्ये कापसावर जागा मिळे आणि शेजारी आणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. सरांच्या लेकीला रस्त्याच्या कडेच्या खडीत एक काळपट, जड दगड सापडला होता. तो तिने घरी कुणाला दाखवला नव्हता. वर्गात बाबांना चकित करायचे होते. वर्गात बाबांना 'सर' म्हणायचे, हे ती लहानपणीच शिकली होती.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती दगड धुवायला नळावर गेली होती. तेवढ्यात सतत चिवचिवणारी, म्हणून सगळे जिला चिमणी म्हणत, ती मुलगी माझ्या ट्रेपाशी येऊन कुजबुजली. "परवा मी चुकून भलताच रंग सांगितला, तरी सर शाबास म्हणाले. आज सगळ्यांनी लाल असेल तर पिवळा म्हणायचं. बघू सर पकडतात का." तिच्या मनात पाप नव्हते. वर्गाची अळीमिळी गुपचिळी ठरली. मी ऐकत होते. पण टाइलला तोंड कुठे असते? आणि असलेले तर कोरडेच राहिले होते.

लेकीने ओला दगड टेबलावर ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. सरांनी तो हातात तोलला. नख चालले नाही, चुंबक चिकटला नाही. सरांचा चेहरा उजळला. "जुळ्यांपैकी एक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तो माझ्यावर ओढला. रेघ उमटली, पहिल्या दिवसासारखीच, विटेसारखी लाल.

"सांग बघू, कोणता रंग?"

"पिवळा, सर," चिमणी म्हणाली.

"पिवळा," मागच्या बाकावरून आले. "पिवळा, पिवळा."

सर लेकीकडे वळले. "तुझा दगड आहे. तू सांग."

तिने माझ्याकडे पाहिले, मग वर्गाकडे पाहिले. सगळ्यांच्या गालांत हसू दाबलेले होते. तिला वाटले, ही गंमत चालली आहे आणि बाबाही त्यात सामील आहेत. इतकी उघड लाल रेघ बाबांना दिसत नसेल, हे तिच्या स्वप्नातही आले नसते. तीही हसू दाबत म्हणाली, "पिवळा, सर."

"शाबास," सर म्हणाले. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि वळणदार अक्षरात लिहिले, 'लिमोनाइट'. खाली लेकीचे नाव लिहायला त्यांनी पेन टेकवले आणि वर्ग खो खो हसत सुटला.

"सर, लाल आहे," चिमणी हसता हसता म्हणाली. "लालभडक आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मग लेकीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू अजून पुरते गेलेही नव्हते. सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. "तास संपला," ते म्हणाले. घंटा झालेली नव्हती. मित्रांनो, माझ्या अंगावर गारगोटीने किती ओरखडे पाडले आहेत, पण ती लाल रेघ मला जितकी लागली तितके काहीच लागले नाही.

संध्याकाळी मी पुन्हा त्या टेबलावर होते. सरांनी मला धुतले नव्हते. लेक समोर येऊन बसली.

"बाबा, तुम्हाला खरंच लाल दिसला नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"जन्मापासून. तुझ्याएवढा होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं, की बाकीच्यांना वेगळं दिसतं."

"मला वाटलं तुम्ही गंमत करताय," ती म्हणाली आणि टेबलावर डोके ठेवून रडू लागली. "नाहीतर मी कशाला खोटं सांगितलं असतं?"

सरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "उद्या मुख्याध्यापकांना सांगतो, दगडांचा तास दुसऱ्या कुणाला द्या. मी आपला नकाशे शिकवीन."

लेकीने डोके वर केले. "बाबा, नकाशातही रंग असतात."

सर आधी हसले. मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. खरे सांगते, त्या घटकेला मला वाटले की आता सगळे संपले. ट्रे कपाटात जाईल, मी कचऱ्यात जाईन, आणि माझ्यावर पुन्हा कुणी रेघ ओढणार नाही. पण माझे काय घेऊन बसलात? तो माणूस खिशात दगड नसले तर नीट चालूही शकला नसता.

लेक उठली. तिने मला पिशवीत ठेवले, शेजारी तो दगड ठेवला आणि म्हणाली, "उद्याचा तास तुम्ही घ्या. परवाचं परवा बघू."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सर टेबलामागे उभे राहिले. "मला लाल, हिरवा, तपकिरी, मातकट पिवळा हे रंग वेगळे दिसत नाहीत," ते म्हणाले. "हे मी तुमच्यापासून लपवलं. तुम्ही हसाल असं वाटत होतं."

 मग चिमणीने विचारले, "मग सर, तुम्ही सगळे दगड ओळखता कसे?" तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

सरांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. "बांध माझ्या डोळ्यांवर. घट्ट बांध. आणि ट्रे इकडे दे."

मित्रांनो, त्या दुपारचे ऊन मी विसरणार नाही. सर एकेक दगड हातात घेत होते. एक उचलताच म्हणाले, "कापसाएवढाही जड नाही, हा ज्वालामुखीचा." एकावर फुंकर घालून त्यांनी हुंगले, ओल्या मातीचा वास आला, जीभ लावली तर ती चिकटली. "चिनी माती," ते म्हणाले, "आपल्या टाइलची आई." एकावरून अंगठा फिरवताच अंगठा काळा झाला. "ग्रॅफाइट. पेन्सिलीतलं." गार, धारदार कडांची गारगोटी. तिरक्या पेटीसारखे तुकडे पडणारे कॅल्साइट. सैंधवाचा बोराएवढा खडा हातात आल्यावर त्यांनी तो न चाटताच सांगितले, "हा तुम्हीच इतका बारीक केलात." मुले हळूहळू बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाली. खोलीत फक्त दगड ठेवल्याचा आवाज येत होता.

शेवटी दोन उरले. लेकीचा दगड आणि ट्रेमधला त्याचा जुळा. सरांनी दोन हातांत दोघांना तोलले, नखाने पाहिले, हुंगले. मग डोळ्यांवरचा रुमाल सोडला आणि दोन्ही माझ्यावर ओढले, शेजारी शेजारी.

"इथे माझं काही चालत नाही," ते म्हणाले. "डोळे उघडे असोत की बांधलेले. या दोघांसाठी मला तुम्ही लागता. खरं सांगणारे लागता."

 चिमणीने मान खाली घातली. मग सरांची लेक पुढे आली, तिने माझ्यावर वाकून नीट पाहिले. "डावीकडची लाल आहे, सर," ती म्हणाली. "उजवीकडची पिवळी."

"लाल, सर," चिमणी म्हणाली. "डावीकडची लाल." आणि मग सगळा वर्ग तेच म्हणाला. सरांनी खिशातली चिठ्ठी काढून फाडली आणि नवीन लिहिली, 'हेमाटाइट'. खाली लेकीचे नाव घातले. दगड कापसावर बसला.

त्यानंतर सरांनी पुष्कळ वर्षे दगड शिकवले. पहिल्याच तासाला ते आपली गोष्ट सांगून टाकत आणि मग मला वर्गाकडे वळवत. माझ्या अंगावर इतके रंग चढले आणि धुतले गेले की मी आता पूर्वीइतकी पांढरी राहिलेली नाही. तेव्हा लोक माझे कौतुक करत. पाहुणे मला हातात घेऊन बघत.

मग सर निवृत्त झाले. शाळेत नवा संच आला, कप्पेदार पेटी, प्रत्येक दगडाखाली छापलेले नाव. नाव आधीच छापलेले असले की कुणी दगडाला काही विचारत नाही. ट्रे कपाटावर गेला आणि मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेले. तिथेच माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. अंधारात मी पुन्हा न्हाणीघराची स्वप्ने पाहू लागले, पण आता त्या स्वप्नातल्या भिंतीवर लाल आणि पिवळ्या रेघा असत. पाणी कितीही ओघळले तरी त्या जात नसत.

एके दिवशी टेबल उचलले गेले. मला एका हाताने पुसले आणि बोट माझ्या खरखरीत अंगावरून फिरले. ती सरांची लेक होती. खोली रिकामी करणार असल्याचे ऐकून ती जुना ट्रे मागायला आली होती. "अगं, तू इथे होय," ती म्हणाली.

आता मी तिच्या घरी असते. सरही तिथेच असतात. खूप थकले आहेत, पण कोटाच्या खिशात अजून दगड असतात. तिचा मुलगा त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसतो आणि ट्रे पसरतो. कालच त्याने ते दोन जुळे उचलले आणि माझ्यावर ओढले, शेजारी शेजारी. बराच वेळ तो वाकून बघत होता.

"आजोबा, तुम्ही म्हणालात वेगळे आहेत. दोन्ही तर सारखेच आहेत."

दारात त्याची आई उभी होती. तिच्या हातातले फडके तसेच राहिले. सर खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, नातवाकडे पाहिले. मला वाटले, त्यांना वाईट वाटेल. थोडे वाटलेही असेल. पण आयुष्यभर ते लोकांना रंग विचारत आले होते आणि त्यांना जे दिसते तेच दिसणारा माणूस त्यांना काल पहिल्यांदा भेटला होता.

"मलाही सारखेच दिसतात," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. नातवाने तो धरला. दोघे हसू लागले.

मग मुलाने मला उचलून आईसमोर धरले. "आई, तू सांग. पण खरं सांग हं."

ती खाली बसली. डोळे भरले होते म्हणून तिने ते आधी पुसले, आणि मग माझ्याकडे नीट पाहिले. "डावीकडची लाल," ती म्हणाली. "उजवीकडची पिवळी."

आजोबा आणि नातू दोघांनीही मान डोलावली. पडताळून बघायला त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे वळले नाही. त्यांना तिचा शब्द पुरेसा होता.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी भाजलेली माती, टेबलाखालीही टिकले. पण कधी कुणी तुम्हाला साधा रंग विचारला, तर हसण्याआधी नीट बघा आणि दिसेल तो सांगा. विचारणाऱ्याला कदाचित तो खरेच दिसत नसेल.